कर्करोग, प्रतिकारशक्ती आणि वेळेचे गणित : डॉ. कमल रणदिवे

पेरणीच्या दिवसांत खान्देशातला शेतकरी आधी माती मुठीत धरून पाहतो. वापसा आला असेल तरच तिफण शिवारात जाते. बियाणे तेच, जमीन तीच, खतही तेच. पण वापसा हुकला की उगवण बिघडते. कर्करोगावरच्या नव्या औषधांबाबत जगभरातले डॉक्टर सध्या असाच प्रश्न विचारत आहेत. औषध कोणते द्यायचे, हे बऱ्यापैकी कळले आहे. ते शस्त्रक्रियेच्या आधी द्यायचे की नंतर, आणि आधी द्यायचे तर किती दिवस आधी, यावर रोग अंगभर पसरणार की आटोक्यात राहणार हे बऱ्याच अंशी ठरू शकते, असे आता दिसू लागले आहे.

या औषधोपचाराला इम्युनोथेरपी म्हणतात. त्यात कर्करोगाच्या पेशींना थेट विष दिले जात नाही. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला त्या पेशी ओळखायला आणि मारायला मोकळीक दिली जाते. हा विषय नवा वाटत असला तरी त्याच्या मुळाशी असलेले काही प्रश्न मुंबईच्या परळ भागातल्या एका प्रयोगशाळेत अनेक दशकांपूर्वी विचारले गेले होते. कर्करोग कोणाला होतो आणि कोणाला होत नाही? विषाणू, संप्रेरके आणि अनुवंश यांचा त्यात वाटा किती? शरीर रोगाला कधी दाद देते आणि कधी देत नाही? हे प्रश्न आयुष्यभर हाताळणाऱ्या मराठी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

पुण्याची कमल समर्थ

कमल यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील जीवशास्त्राचे प्राध्यापक, फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे. मुलगा असो वा मुलगी, शिक्षणात कमी पडता कामा नये, हा त्यांचा आग्रह. कमल हुजूरपागेत शिकल्या आणि पुढे फर्ग्युसनमध्ये दाखल झाल्या. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. यांतले काहीच झाले नाही. कमल यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र निवडले. १९३९ साली त्यांचे लग्न झाले तेही जयसिंग रणदिवे या गणितज्ञाशी.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींमधील गुणसूत्रांचा. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, तिच्या आत काय चालले आहे ते धीराने पाहायचे आणि मोजायचे, ही सवय तिथे लागली. पुढे पेशी सीताफळाच्या झाडाऐवजी उंदराच्या आणि माणसाच्या झाल्या, सवय तीच राहिली.

लग्नानंतर कमल मुंबईला आल्या. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते. त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे खानोलकर हेच कमल यांचे गुरू झाले. संसार, लहान मूल आणि संशोधन असे तिन्ही सांभाळत, पतीच्या भक्कम साथीने त्यांनी मुंबई विद्यापीठातून १९४९ साली पीएच.डी. मिळवली.

उंदरीणीच्या दुधातले कोडे

कमल यांचे सुरुवातीचे काम उंदरांमधील स्तनांच्या कर्करोगावर होते. काही जातींच्या उंदरांत हा रोग सर्रास होतो, काहींत जवळजवळ होतच नाही. अशा वेगवेगळ्या जातींच्या उंदरांच्या निरोगी स्तनग्रंथींची रचना त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासली. रोग दिसायच्या आधीच काही फरक असतो का, हे त्यांना शोधायचे होते.

या कामाला एक पार्श्वभूमी होती. अमेरिकेत जॉन बिटनर या संशोधकाने १९३६ साली एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. कर्करोग सर्रास होणाऱ्या जातीची पिल्ले जन्मल्याबरोबर आईपासून दूर केली आणि निरोगी जातीच्या उंदरीणीला पाजायला दिली, तर मोठेपणी त्यांच्यातले गाठींचे प्रमाण खूपच कमी होते. रोगाचे कारण केवळ रक्तात नव्हते, दुधातही होते. हे कारण म्हणजे एक विषाणू, असे पुढे सिद्ध झाले.

यातली वेळेची बाजू ध्यानात घेण्यासारखी आहे. पिल्लाची अदलाबदल जन्मल्याबरोबर केली तरच उपयोग. विषाणू शरीरात शिरायची संधी त्या कोवळ्या वयात सर्वांत मोठी असते. वाढत्या वयात तोच विषाणू दिला तर त्याचा जोर कमी पडतो. शिवाय विषाणू शिरला म्हणून लगेच गाठ येत नाही. पुढे मादी वयात आली, गाभण राहिली, संप्रेरकांची पातळी बदलली की त्या विषाणूला खतपाणी मिळते. अनुवंश, विषाणू आणि संप्रेरके अशा तीन गोष्टी ठरावीक वेळी एकत्र आल्या तरच रोग उभा राहतो. कमल रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तिघांचे परस्परसंबंध वर्षानुवर्षे तपासले. अशा अभ्यासासाठी त्यांच्या संस्थेने स्वतःची उंदरांची जात वाढवली. तिला संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आयसीआरसी हे नाव मिळाले.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. उंदरांतला हा प्रकार माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. मुंबईतील पारशी स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असल्याने त्यांच्या दुधाच्या नमुन्यांतही अशा विषाणूसारख्या कणांचा शोध घेतला गेला होता. पण आईच्या दुधातून बाळाला कर्करोग होतो, हे माणसांत सिद्ध झालेले नाही. उलट, बाळाला अंगावर पाजल्याने आईचा स्तनांच्या कर्करोगाचा धोका थोडा कमीच होतो. त्यामुळे कोणत्याही आईने या गोष्टीवरून मनात शंका आणू नये.

बाल्टिमोरहून परत, परळलाच

पीएच.डी.नंतर खानोलकरांनी कमल यांना परदेशी जाऊन नवे तंत्र शिकून येण्यास सांगितले. शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत वाढवण्याच्या कामात गे यांचे नाव जगात पुढे होते. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून १९५१ साली घेतलेल्या आणि आजही जगभर वाढवल्या जाणाऱ्या हेला पेशी याच प्रयोगशाळेतल्या.

हे तंत्र हाती आल्यावर अमेरिकेत राहण्याचा मोह अनेकांना झाला असता. कमल परळला परतल्या. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून काम सुरू केले आणि देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पेशी वाढवायच्या तर त्यांना पोषक द्रव लागतो. तो तंतोतंत मापाचा आणि निर्जंतुक असावा लागतो. हे सगळे बाहेरून मागवत बसण्यापेक्षा त्यांच्या चमूने इथेच बनवायला घेतले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारी प्रभारी म्हणून सांभाळली. कर्करोग कशाने होतो याचा अभ्यास, पेशीविज्ञान आणि प्रतिकारशक्तीविज्ञान हे संस्थेतील नवे विभाग त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाले. कर्करोगाच्या संस्थेला प्रतिकारशक्तीचा स्वतंत्र विभाग हवा, हे त्यांनी त्या काळात ओळखले होते.

कुष्ठरोगाची लस आणि एक धडा

प्रतिकारशक्तीला हाताशी धरून रोगाशी लढण्याचे कमल यांचे सर्वांत ठळक काम कर्करोगातले नाही, कुष्ठरोगातले आहे. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, ही डॉक्टरांची जुनी अडचण. खानोलकर, कमल रणदिवे आणि त्यांचे सहकारी सी. व्ही. बापट यांनी १९५८ साली कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळवलेला एक जंतू नळीत वाढवल्याचे जाहीर केले. त्यासाठी त्यांनी मानवी चेतापेशींच्या संवर्धनातला द्रव वापरला. म्हणजे बाल्टिमोरला शिकलेली विद्या इथे कामी आली. हा जंतू नेमका कुष्ठरोगाचाच की त्याच्या जवळचा, यावर शास्त्रज्ञांत मतभेद राहिले. पण त्याच्यापासून तयार केलेली लस कुष्ठरोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती जागी करते, हे पुढच्या काळात दिसून आले. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले.

कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात शरीरात जंतू अगणित असतात, तरी प्रतिकारशक्ती त्यांच्याकडे काणाडोळा करते. सौम्य प्रकारात तीच शक्ती जंतूंना मर्यादेत ठेवते. म्हणजे शत्रू एकच, पण शरीर त्याला ओळखते की नाही यावर आजाराचे रूप ठरते. ही लस निरोगी माणसाला रोग टाळण्यासाठी आणि आजारी माणसाला औषधांच्या जोडीने, अशा दोन्ही वेळी वापरून पाहण्यात आली. बहुविध औषधोपचार प्रभावी ठरल्याने लसीचा सार्वत्रिक वापर झाला नाही. पण गाफील प्रतिकारशक्तीला जागे करता येते, हा धडा राहिला. कर्करोगाची इम्युनोथेरपी नेमक्या याच धड्यावर उभी आहे.

आधी की नंतर?

आपल्या रक्तातल्या टी पेशी परक्या पेशींना ओळखून मारतात. त्यांनी आपल्याच अवयवांवर हल्ला करू नये म्हणून त्यांना ब्रेक असतात. कर्करोगाच्या पेशी लबाडीने हाच ब्रेक दाबून धरतात. ब्रेक सोडवणाऱ्या औषधांचा पाया घातल्याबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होन्जो यांना २०१८ साली नोबेल मिळाले.

सुरुवातीला ही औषधे आजार सर्वत्र पसरल्यावर, शेवटचा उपाय म्हणून दिली जात. नंतर शस्त्रक्रिया करून उरलेसुरले कण मारण्यासाठी ती दिली जाऊ लागली. मग प्रश्न आला की गाठ काढण्याच्या आधीच दिली तर? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१६ साली स्तनांचा कर्करोग असलेल्या उंदरांवर हे करून पाहिले. हा कर्करोग गाठ काढल्यानंतरही फुप्फुसात पसरणारा होता. शस्त्रक्रियेआधी औषध मिळालेले उंदीर नंतर औषध मिळालेल्यांपेक्षा कितीतरी अधिक जगले. पुढे त्यांनी मधले अंतरही मोजले. औषधाचा पहिला डोस आणि शस्त्रक्रिया यांत चार-पाच दिवसांचे अंतर उत्तम ठरले. ते दहा दिवसांवर नेले तर फायदा ओसरला. हे दिवस उंदरांचे आहेत, माणसाला तसेच लागू करता येत नाहीत.

असे का व्हावे? गाठ अंगात असताना टी पेशींना शत्रूची पूर्ण ओळख पटते. जवळच्या लसिकाग्रंथींत त्यांची तालीम होते, संख्या वाढते आणि त्या रक्तातून अंगभर फिरू लागतात. मग सर्जनने गाठ काढली तरी दूर गेलेले कण टिपायला या पेशी तयार असतात. गाठ आधी काढली तर शिकायला नमुनाच उरत नाही. त्यात शस्त्रक्रियेच्या ताणाने प्रतिकारशक्ती काही दिवस मंदावते, आणि नेमक्या त्याच दिवसांत सुटलेल्या पेशी नवे ठाणे शोधत असतात.

माणसांतला ठोस पुरावा २०२३ साली मिळाला. त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगाच्या ३१३ रुग्णांना एकच औषध, एकूण १८ डोस देण्याचे ठरले. एका गटाला तीन डोस शस्त्रक्रियेआधी आणि बाकीचे नंतर. दुसऱ्या गटाला सगळेच नंतर. दोन वर्षांनी पहिल्या गटात ७२ टक्के रुग्ण आजार न उलटता किंवा न बळावता होते, दुसऱ्यात ४९ टक्के. औषध तेच, डोस तितकेच. बदलली होती फक्त वेळ. स्तनांच्या एका आक्रमक प्रकारातही शस्त्रक्रियेआधी केमोथेरपीसोबत इम्युनोथेरपी देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. तोंड व घशाच्या कर्करोगातही शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर असे औषध देण्याला २०२५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

डोस सकाळी द्यावा की सायंकाळी, यावरही अभ्यास सुरू आहेत आणि काहींत दिवसाच्या पहिल्या भागाला झुकते माप मिळाले आहे. पण हे अजून पक्के झालेले नाही. दुपारनंतरची वेळ मिळाली म्हणून कोणी डोस चुकवू नये.

परळमधून आलेले स्वस्त उपाय

इम्युनोथेरपी महाग आहे. म्हणूनच टाटा मेमोरियलमधल्या दोन अभ्यासांकडे लक्ष द्यायला हवे. तोंड व घशाचा कर्करोग बळावलेल्या रुग्णांना नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, म्हणजे अवघे २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी गोळ्यांच्या केमोसोबत देण्यात आले. वर्षभराने जगलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. दुसऱ्या अभ्यासात स्तनांच्या कर्करोगाच्या सुमारे १,६०० स्त्रिया होत्या. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती भूल देणाऱ्या साध्या लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले गेले. पाच वर्षांनी त्या गटातल्या सुमारे ९० टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटात ८६ टक्के. ही इम्युनोथेरपी नव्हे. पण शस्त्रक्रियेच्या आसपासची थोडी मिनिटेही रोगाच्या पसरण्यात किती मोलाची असतात, हे त्यातून कळते.

प्रयोगशाळेबाहेरच्या कमलताई

कमल रणदिवे यांना १९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला, १९८२ साली पद्मभूषण. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. विज्ञान शिकलेल्या कितीतरी मुली लग्नानंतर प्रयोगशाळेपासून तुटत. त्यांना पाठबळ आणि मुलांची सोय मिळावी, ही त्यामागची धडपड.

निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांकडे वळल्या. तिथल्या मुलांचे पोषण, रक्तातले प्रमाण, आजार यांची त्यांनी शास्त्रशुद्ध पाहणी केली. गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण मिळावे म्हणून प्रयत्न केले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. प्रयोगशाळेतले ज्ञान गावच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचवण्याचे उरलेले काम मात्र अजून बरेच बाकी आहे.

पहूरच्या माणसाने काय करावे?

पहूरच्या रुग्णाला शस्त्रक्रियेआधीच्या इम्युनोथेरपीचा विचार तरी करता यावा, तर त्याची गाठ काढता येण्याजोगी असतानाच तो मोठ्या रुग्णालयात पोहोचायला हवा. प्रत्यक्षात काय होते? गाठ दुखत नाही म्हणून बाई कापूस वेचणी उरकेपर्यंत थांबते. तोंडातला चट्टा तंबाखूने पोळला असेल म्हणून गडी दोन महिने काढतो. मग जामनेर, मग जळगाव, मग मुंबई. तोवर आधी की नंतर, हा प्रश्न विचारायची वेळच निघून गेलेली असते.

म्हणून काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तोंड कमी उघडू लागले, छातीत किंवा काखेत न दुखणारी गाठ लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेतल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत चुकीची आहे. त्यावाचून निदान होत नाही. तंबाखू आणि मशेरी आजच सोडावी. निदान झाल्यावर सरकारी आरोग्य योजनेची कागदपत्रे लगेच तयार ठेवावीत, कारण अनेकदा आठवडे वाया जातात ते कागदांपायीच.

डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. माझ्या प्रकारच्या कर्करोगात इम्युनोथेरपीचा उपयोग आहे का? असल्यास ती शस्त्रक्रियेआधी द्यायची की नंतर, आणि का? तिचे दुष्परिणाम दिसले तर कोणाला फोन करायचा? ब्रेक सुटलेली प्रतिकारशक्ती कधी कधी फुप्फुस, यकृत, आतडी किंवा थायरॉइडवरच उलटते. तेव्हा दम लागणे, सतत जुलाब किंवा कावीळ अंगावर काढू नये.

हे औषध प्रत्येक कर्करोगाला चालत नाही. ते मिळण्याची वाट पाहत ठरलेली शस्त्रक्रिया स्वतःहून पुढे ढकलणे धोक्याचे आहे. आणि प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणून विकला जाणारा काढा किंवा पावडर म्हणजे इम्युनोथेरपी नव्हे. त्याच्या नादात गेलेले दोन महिने कोणत्याही रुग्णालयात परत मिळत नाहीत.